खलाशापासून कप्तानापर्यंत : शेठ वालचंद हिराचंद यांचे जीवनकार्य

आपल्या नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही. येथे उगम पावणारी गोदावरीसुद्धा जवळच्या पश्चिम समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेची दूरची वाट धरते. त्यामुळे आपल्या शाळांतील मुलांना मोठेपणी काय व्हायचे असे विचारले, तर डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक, फौजदार अशी उत्तरे येतात. जहाजावरचा अधिकारी व्हायचे आहे, असे सांगणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो. समुद्र हा कोकणच्या लोकांचा विषय, आपला नव्हे, अशीच आपली समजूत झालेली आहे.

परंतु आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी मालेगावजवळच्या रावळगावच्या गोळ्या खाल्ल्या असतील. ज्या माणसाने त्या रावळगावच्या पडीक माळावर ऊस पिकविला व १९३३ साली साखरेची कंपनी उभी केली, त्याच माणसाने १९१९ साली मुंबईच्या बंदरातून हिंदी मालकीची आगबोट लंडनला रवाना केली होती. त्याच्याच कंपनीच्या जहाजांवर हिंदी तरुणांना अधिकारी म्हणून पाय रोवता आले. त्या पुरुषाचे नाव शेठ वालचंद हिराचंद. त्यांच्या चरित्रातून कारखानदारीचे धडे घेणारे पुष्कळ आहेत. या लेखात मात्र आपण त्यांच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहणार आहोत. दर्यावर राबणाऱ्या माणसाचे भले कशात आहे आणि त्याचे नेतृत्व कोणी करावे, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याशी कसा जोडला गेला, ते आपण पाहू.

बालपण व उमेदवारी

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे दिगंबर जैन. पूर्वज गुजरातेतील वांकानेरकडून व्यापारासाठी दक्षिणेत आलेले. घरी कापसाचा व सावकारीचा व्यवसाय होता. वडील हिराचंद नेमचंद दोशी हे आपल्या समाजात शिक्षणाचा प्रसार व्हावा म्हणून झटणारे सुधारक गृहस्थ होते. आईचे छत्र तान्हेपणीच हरपले. सोलापुरात शालेय शिक्षण पुरे करून वालचंद मुंबईच्या व पुण्याच्या कॉलेजांत शिकले. पुढे शिक्षण सोडून ते घरच्या पेढीवर बसले, पण व्याजबट्ट्याच्या हिशोबात त्यांचे मन रमेना.

याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतील एक कारकून. त्यांच्याजवळ कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांजवळ घरचा पैसा व पत होती, अनुभव नव्हता. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाईट रेल्वेच्या एका लहानशा तुकड्याचे काम घेतले. वाचकहो, एक गोष्ट येथे ध्यानात घ्या. एक ब्राह्मण कारकून आणि एक जैन सावकाराचा मुलगा यांना एकत्र आणणारी गोष्ट जातही नव्हती, नातेही नव्हते. एकाचे ज्ञान व दुसऱ्याचे साहस एवढ्याच शिदोरीवर ही जोडी निघाली. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे वालचंदांनी अंगावर घेतली आणि तडीस नेली. बांधकामाच्या या धंद्याने त्यांना हजारो मजुरांना एका कामाला जुंपण्याची व त्यांची सोय पाहण्याची सवय लावली. पुढील कार्यात ती सवय त्यांच्या उपयोगी पडली.

त्या काळचा खलाशी

वालचंदांच्या दर्यावरील कार्याचे मोल कळण्यासाठी त्या वेळच्या आगबोटींवर आपल्या लोकांची स्थिती काय होती, हे प्रथम पाहावयास हवे.

इंग्रजांच्या बोटी हिंदी खलाशांवाचून चालत नव्हत्या. मुंबई बंदरातून भरती होणाऱ्यांत डेकवरची माणसे बव्हंशी रत्नागिरी, कुलाबा व गुजरातच्या किनाऱ्यावरची असत. त्यांत कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. सारंग, तांडेल, नाखवा ही आपल्या कोकणी बांधवांची आडनावे काही उगीच पडलेली नाहीत. इंजिनखाली भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले पंजाब-सरहद्दीकडचे, तर सलून व भटारखाना गोव्याच्या लोकांच्या हाती. एकेका बोटीवर असा सारा हिंदुस्थान राबत असे.

राबत असे, पण अधिकार मात्र गाजवीत नसे. हिंदी माणसाची झेप सारंगापर्यंत जाऊन थांबे. त्याच्या वरचा प्रत्येक अधिकारी गोरा. तीस-तीस वर्षे दर्या पाहिलेला सारंग, वारा हुंगून वादळ ओळखणारा, काल बोटीवर आलेल्या विशीतल्या गोऱ्या पोराला सलाम करून हुकूम घेई. आपल्या माणसाचा पगार इंग्रज खलाशाच्या पगाराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका असे. निजण्याच्या जागेचाही हिशोब वेगळा होता. इंग्रज खलाशाला कायद्याने ७२ व पुढे १२० घनफूट जागा देणे भाग होते, हिंदी खलाशाला ३६ घनफूट पुरेशी मानली जाई. एवढ्या जागेत पेटी, अंथरूण आणि माणूस तिन्ही मावले पाहिजेत.

नोकरी मिळविणे हीच एक परीक्षा होती. गावाकडून आलेला खलाशी मुंबईत खोलीवर पडून राही, उधारीवर जेवी आणि बोट मिळावी म्हणून मध्यस्थांचे हात ओले करी. बोट मिळाली की पहिल्या काही महिन्यांचा पगार या कर्जाच्या फेडीत जाई. आजारी पडला किंवा बोट बुडाली तर घरच्यांच्या हाती काय पडेल याचा नेम नसे. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत खलाशांच्या संघटना उभ्या राहू लागल्या आणि भरतीतील लाचलुचपतीविरुद्ध ओरड सुरू झाली. पण बोट ज्याच्या मालकीची आणि हुकूम ज्याच्या हाती, त्याच्यापर्यंत ही ओरड पोहोचणे अवघड होते. मालक लंडनला, कप्तान परभाषी, आणि खलाशी निरक्षर.

लॉयल्टी

अशा वेळी वालचंदांनी दर्यावर पाऊल टाकले. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांची लॉयल्टी नावाची आगबोट विकाऊ असल्याचे त्यांच्या कानी आले. १८९१ साली बांधलेली ही बोट मूळची कॅनडातील एका कंपनीची. युद्धकाळात महाराजांनी ती घेऊन जखमी सैनिकांसाठी तिचे तरंगते इस्पितळ केले होते. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास या मित्रांना बरोबर घेऊन ती विकत घेतली. मार्च १९१९ मध्ये कंपनी स्थापन झाली व शिंद्यांच्या नावावरून तिला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी असे नाव दिले. नरोत्तमभाई तिचे प्रमुख झाले. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टीने मुंबई बंदर सोडून लंडनची वाट धरली. हाच दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून देशभर पाळला जातो.

हे धाडस किती मोठे होते हे समजण्यासाठी आधीच्यांचे काय झाले ते पाहा. जमशेटजी टाटांनी चीनकडे बोटी चालवून पाहिल्या, त्यांना त्या बंद कराव्या लागल्या. तामिळनाडूत चिदंबरम् पिल्ले यांनी १९०६ साली स्वदेशी आगबोट कंपनी काढली. तिला भाड्याच्या स्पर्धेत चिरडण्यात आले आणि १९०८ मध्ये पिल्ल्यांना तुरुंगात जावे लागले. हिंदी माणसाने बोट घ्यावी आणि परदेशी कंपन्यांनी ती बुडवावी, हा जणू नियमच होऊन बसला होता. बुडविण्यासाठी तोफा लागत नसत. नवी कंपनी ज्या मार्गावर बोट लावील त्या मार्गावरचे भाडे इतके खाली आणावयाचे की तिला कोळशाचाही खर्च निघू नये. ती दिवाळखोरीत गेली की भाडे पुन्हा पूर्ववत.

सिंदियाच्या बाबतीतही हेच घडले. ब्रिटिश इंडिया कंपनी व तिचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांनी भाडी पाडली. कंपनी विकत घेण्याची तयारीही दाखविली. सिंदियाच्या चालकांनी ती धुडकावली. लॉयल्टी ही जुनी, खर्चीक बोट होती. ती फार काळ चालली नाही आणि १९२३ साली मोडीत निघाली. त्याच वर्षी इंचकेप यांच्याशी दहा वर्षांचा करार करणे सिंदियाला भाग पडले. सिंदियाने किनाऱ्यावरील मालवाहतुकीत राहावे आणि ठरल्यापलीकडे टनेज वाढवू नये, अशा त्यातील अटी होत्या.

वालचंदांना हा करार मनापासून मान्य नव्हता. पुष्कळ देशभक्तांना ती शरणागती वाटली. परंतु विचार करा. करार केला नसता तर पिल्ल्यांच्या कंपनीच्या पंक्तीला आणखी एक नाव जोडले गेले असते. हात बांधून का होईना, कंपनी तगली. आणि जी कंपनी तगते तिच्याच बोटींवर आपल्या पोरांना जागा देता येते.

पोरांना जागा हवी

मालकी हाती आली तरी अधिकारी कोठून आणावयाचे? सिंदियाच्या बोटी हिंदी मालकीच्या, पण कप्तान व इंजिनियर गोरेच ठेवावे लागत. हिंदी तरुणाला नौकानयनाचे उच्च शिक्षण मिळण्याची देशात सोयच नव्हती. इंग्रज कंपन्या उमेदवार म्हणून त्याला घेत नसत आणि उमेदवारी केल्याशिवाय परीक्षेस बसता येत नसे. दार बाहेरून बंद आणि किल्ली आत, अशी ही गत.

खलाशांना शिस्तीचे शिक्षण देण्याचा एक प्रयत्न मात्र आधीच सुरू झाला होता. सर मोहम्मद युसूफ हे मुंबईच्या आगबोटीच्या धंद्यातील एक धनिक. मुसलमान मुलांच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी १९१४ साली ८ लाख रुपयांची देणगी दिली आणि तिच्यातून पुढे १९३० साली जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ कॉलेज उभे राहिले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच. याच दानशूर गृहस्थाने १९१० साली पनवेलजवळ न्हावा येथे नौशिक्षणाची संस्था काढली होती. टी. एस. रहमान या नावाने ती ओळखली जाते. तालीम आणि दर्या यांची सांगड घालणारा हा पुरुष आपल्या स्मरणात राहावयास हवा.

अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी मात्र सरकारला हलवावे लागले. हिंदी सदस्यांनी कायदेमंडळात तगादा लावला. १९२३ साली सरकारने व्यापारी नौकानयनाच्या प्रश्नावर एक समिती नेमली. हिंदी तरुणांसाठी शिक्षणनौका असावी अशी शिफारस तिने केली. अखेर १९२७ च्या डिसेंबरात मुंबई बंदरात डफरिन ही शिक्षणनौका सुरू झाली. ही बोट मूळची सरकारची सैन्य वाहून नेणारी. परीक्षा घेऊन निवडलेली मुले तीन वर्षे बोटीवरच राहत. गणित, नौकानयन, दोरखंडाचे काम, होड्या वल्हविणे आणि शिस्त, हा त्यांचा अभ्यासक्रम. सर्व प्रांतांची व सर्व धर्मांची मुले एकाच डेकवर झोपत आणि एकाच टेबलावर जेवत.

शिक्षण झाले तरी पुढे काय, हा प्रश्न होताच. बोटीवर उमेदवारी मिळाली नाही तर प्रशस्तिपत्र पेटीत ठेवण्यापुरतेच. येथे हिंदी मालकीच्या कंपनीचे मोल कळून आले. डफरिनवरून उतरलेल्या मुलांना सिंदियाने आपल्या बोटींवर घेतले. १९२९ साली नरोत्तम मोरारजी यांचे निधन झाले व वालचंद सिंदियाचे अध्यक्ष झाले. पुढे १९५० पर्यंत ते या पदावर राहिले. त्यांच्या कारकीर्दीत हळूहळू पुलावर उभा राहून हुकूम देणारा हिंदी अधिकारी आणि पुढे हिंदी कप्तान दिसू लागला. डफरिनच्या पहिल्याच तुकडीतील रामदास कटारी हे तर १९५८ साली भारताचे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले.

खलाशाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ काय? अधिकारी आपला असला म्हणजे तो दयाळू असेलच असे नाही. परंतु त्याला खलाशाची भाषा कळते. रमजानात भट्टीसमोर उभा असलेला आगवाला रोजा धरून काम करीत आहे, हे त्याला सांगावे लागत नाही. घरून आलेले पत्र वाचून माणूस गप्प का झाला, हे तो ओळखू शकतो. आणि मुख्य म्हणजे सारंगाच्या मुलाला प्रथमच असे वाटू लागले की आपण शिकलो तर बापाच्या वर चढू शकतो. मनुष्याला पगाराइतकीच या आशेचीही गरज असते.

हजयात्रेच्या बोटी

वालचंदांच्या कार्याचा एक भाग आपल्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. त्या काळी हजला जाणाऱ्याला बोटीवाचून मार्ग नव्हता. नाशिक, मालेगाव, खानदेशकडचे यात्रेकरू मुंबईस मुसाफिरखान्यात उतरत व तेथून जिद्दाची बोट धरीत. ही वाहतूक मुख्यतः परकी व्यवस्थापनाखालील मोगल लाईनच्या हाती होती. गरीब यात्रेकरू डेकवर व डेकखालच्या कोंदट जागेत दाटीवाटीने प्रवास करीत.

१९३७ साली सिंदियाने या मार्गात उतरावयाचे ठरविले आणि अल-मदिना व अल-हिंद या दोन नव्या बोटी यात्रेकरूंसाठी बांधून घेतल्या. पुन्हा भाड्याची चढाओढ लागली आणि काही काळ यात्रेकरूंना स्वस्तात जाता आले. वालचंदांनी हे केवळ धर्मादाय म्हणून केले असे म्हणणे खरे होणार नाही. ते व्यापारी होते आणि त्यांना नवा मार्ग हवा होता. पण एका जैन गृहस्थाच्या कंपनीने हाजींसाठी बोटी बांधाव्यात आणि त्यांना मदिना शरीफचे नाव द्यावे, ही घटना आपल्या देशाच्या इतिहासात जपून ठेवण्यासारखी आहे. मुंबईहून समुद्रमार्गे हजला जाण्याची परंपरा पुढे १९९५ पर्यंत चालू होती.

या दोन्ही बोटींचा शेवट दुःखद झाला. दुसऱ्या महायुद्धात त्या सरकारी कामी लागल्या. मार्च १९४४ मध्ये बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने अल-मदिना बुडविली आणि शेकडो माणसे मृत्यू पावली. पुढल्याच महिन्यात, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या गोदीत प्रचंड स्फोट झाला, त्यात अल-हिंद नष्ट झाली. सिंदियाच्या जलतरंग, जलपालक, जलराजन या बोटी १९४२ च्या जानेवारीतच जपानी पाणबुड्यांना बळी पडल्या होत्या. त्या युद्धात व्यापारी जहाजांवरील सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशांनी प्राण गमावले. रणांगणावर पडलेल्या शिपायांची नावे दगडावर कोरून गावोगावी लागली. रत्नागिरी-रायगडच्या वाड्यांतून गेलेल्या खलाशांच्या घरी मात्र बहुधा एक तारच तेवढी पोहोचली. त्यांच्या हाती बंदूक नव्हती. त्यांनी केवळ बोट चालू ठेवली होती.

जहाजबांधणी व इतर उद्योग

दुसऱ्याने बांधलेल्या बोटीवर आपले राज्य किती दिवस चालणार, हा विचार वालचंदांना स्वस्थ बसू देईना. कलकत्त्यास जागा मिळेना म्हणून त्यांनी विशाखापट्टण निवडले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली. पुढल्या वर्षी त्या शहरावर जपानी बाँब पडले आणि काम खोळंबले. तरीही १४ मार्च १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते जलउषा हे जहाज पाण्यात सोडण्यात आले. १९५२ साली हा कारखाना सरकारी नियंत्रणाखाली गेला.

त्यांचे इतर उद्योग सर्वश्रुत आहेत. बांधकामासाठी १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, १९४० साली बंगलोरचा विमानांचा कारखाना, १९४४ साली मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाईल्स, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आणि आपल्या जिल्ह्यात रावळगाव. रावळगावला साखरेपाठोपाठ गोळ्या-चॉकलेटचा कारखाना आला आणि कामगारांची वसाहत उभी राहिली. मालेगाव-सटाणा भागातील कित्येक कुटुंबांची चूल त्यावर पेटली. २०२४ साली या गोळ्यांची नाममुद्रा एका मोठ्या उद्योगसमूहाने विकत घेतली. सिंदियाच्या बोटी त्यापूर्वीच इतिहासजमा झाल्या होत्या.

एका कामाचा पाया भरतो न भरतो तोच दुसरे अंगावर घ्यावयाचे, पैशाची तंगी सोसावयाची आणि भागीदारांना चिंतेत टाकावयाचे, हा वालचंदांचा स्वभाव होता. त्यांनी सुरू केलेले कित्येक उद्योग त्यांच्या हातून सरकारकडे गेले. शेवटची काही वर्षे आजारपणात गेली. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अहोरात्र शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सांगलीचे इंजिनियरिंग कॉलेज त्यांच्या नावाने चालू आहे. २००४ साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

त्यांच्या कार्याचा ताळेबंद

थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याची पूजा करण्याचा मोह होतो. तो टाळून आपण हिशोब मांडू या.

वालचंद हे मालक होते, खलाशांचे पुढारी नव्हते. खलाशाचा पगार, त्याची जागा, भरतीतील लाच या प्रश्नांवर जो लढा झाला तो खलाशांच्या स्वतःच्या संघटनांनी दिला. १९३९ साली युद्ध सुरू होताच इंग्लंडच्या व साम्राज्याच्या इतर बंदरांत हिंदी खलाशांनी संप केला, तुरुंगवास सोसला, तेव्हा कोठे पगारात वाढ झाली. ते श्रेय त्यांचेच आहे, ते कोणा शेठजींच्या पदरी घालता येणार नाही. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा व्यापारी नौवहन कायदा आणि १९६६ चा खलाशांच्या भविष्यनिर्वाह निधीचा कायदा हीसुद्धा त्या दीर्घ लढ्याचीच फळे होत.

मग वालचंदांचे श्रेय कोणते? त्यांनी शिडीचा वरचा भाग बांधला. खलाशांनी खालची पायरी भक्कम केली आणि वालचंदांसारख्यांनी वर जाण्याची वाट उघडली. यांपैकी एक नसते तर दुसरे अपुरे राहिले असते. पगार वाढला पण अधिकार नाही, तर माणूस सुखी गुलाम होतो. अधिकार मिळाला पण खालच्यांचे हाल तसेच, तर केवळ साहेबाचा रंग बदलतो.

आजची स्थिती

वाचकहो, ही केवळ जुनी कहाणी नाही. जगाच्या व्यापारातील बहुतांश माल आजही समुद्रावरूनच जातो आणि जहाजांना माणसे पुरविणाऱ्या आघाडीच्या देशांत आज भारताची गणना होते. २००६ साली जिनिव्हा येथे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. कामाचे तास, विश्रांती, अन्न, औषधोपचार, घरी परतण्याचा खर्च हे सर्व त्यात लिहिलेले आहे. भारताने २०१५ साली त्याला मान्यता दिली. २०२५ मध्ये संसदेने १९५८ च्या कायद्याच्या जागी नवा कायदाही केला.

तरीही दुःखे संपलेली नाहीत, त्यांचे रूप बदलले आहे. ३६ घनफुटांची जागा गेली आणि स्वतंत्र खोली आली. परंतु पूर्वी जेथे साठ-सत्तर माणसे असत तेथे आता वीस-पंचवीस असतात. काम संपले की प्रत्येकजण आपल्या खोलीचे दार लावून घेतो. माल इतक्या झटपट चढतो-उतरतो की बंदरात उतरून चार पावले चालण्यासही सवड मिळत नाही. एकटेपणा हा आजच्या दर्यावर्दीचा मोठा आजार आहे. २०२०-२१ च्या कोरोना काळात जगभर लाखो खलाशी कराराची मुदत संपूनही बोटींवर अडकून पडले होते. कोणत्याही देशाला त्यांना उतरू द्यावयाचे नव्हते. दिवाळखोर मालक बोट व माणसे परक्या बंदरात सोडून पळून जातात, असे प्रकारही घडत आहेत. आणि नोकरी लावून देतो म्हणून गरीब मुलांकडून लाखो रुपये उकळणारे दलाल आजही आहेतच. शंभर वर्षांपूर्वीच्या मध्यस्थाने नुसता पोशाख बदलला आहे.

अशा वेळी बोटीवरचा अधिकारी कसा आहे यावर बरेच अवलंबून असते. कायदा किनाऱ्यावर असतो, भर समुद्रात कप्तान असतो. विश्रांतीचे तास वहीत खरे लिहावयाचे की खोटे, जेवणाच्या टेबलावर न आलेल्या पोराची चौकशी करावयाची की नाही, आजारी माणसासाठी बोट वळवावयाची की मालकाच्या भीतीने पुढे रेटावयाची, हे निर्णय त्याचे असतात. नेतृत्व म्हणतात ते हेच. ते हुद्द्यावरील पट्ट्यांनी येत नाही, शिक्षणाने व इमानाने येते.

विद्यार्थी मित्रांना

म्हणून हे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी वाचावे असे वाटते. नाशिकच्या मुलालाही समुद्र बंद नाही. सोलापूर तर समुद्रापासून आपल्याहूनही दूर आहे, पण वालचंदांना ते अंतर आडवे आले नाही. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हे विषय चांगले ठेवा, इंग्रजी पक्के करा, दृष्टी व प्रकृती सांभाळा. डफरिनची जागा पुढे राजेंद्र व त्यानंतर चाणक्य या सरकारी शिक्षणसंस्थेने घेतली. तेथे व अशाच मान्यताप्राप्त संस्थांत प्रवेशपरीक्षा देऊन जाता येते. मुलींनाही ही दारे आता खुली आहेत. सरकारची मान्यता तपासल्याशिवाय कोणाही दलालाच्या हाती एक पैसा देऊ नका. घरदार गहाण टाकून मिळविलेली बनावट नोकरी माणसाला दर्यावर नव्हे, कर्जात बुडविते.

आणि उद्या आपल्यापैकी कोणी कप्तान झालाच, तर त्याने एवढे लक्षात ठेवावे. ज्या पुलावर तो उभा असेल, तेथवर हिंदी माणसाला पोहोचविण्यासाठी एका पिढीने आपली दौलत पणाला लावली आहे आणि दुसऱ्या पिढीने भट्टीच्या धगीत आपली हाडे झिजविली आहेत. खाली डेकवर काम करणारा माणूस हा त्या दुसऱ्या पिढीचा वारस आहे. त्याच्या खुशालीची विचारपूस करणे हे कप्तानाचे पहिले कर्तव्य होय. शेठ वालचंद हिराचंद यांच्या कार्याची परतफेड यापरती दुसरी नाही.